भिंतीला विचारून फळी ठोका

जुन्या घरात राहणाऱ्या तमाम सॉफ्टवेअरवाल्यांना माझा एक फुकटचा सल्ला आहे. ड्रिल मशीन ऑर्डर करण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. 'ठण' असा आवाज आला तर प्रश्नच मिटला. 'भद' असा आला, तर मशीन कार्टमधून काढून टाका आणि पुढचं वाचा.

आमची पिढी फ्लॅटमध्ये वाढली. (मी नाही, पण बहुतेक मित्र.) त्यामुळे 'भिंत' म्हटलं की काहीही टांगून घेणारी उभी वस्तू असा आपला समज असतो. टीव्ही टांगा, गीझर टांगा, पुस्तकांची फळी टांगा, भिंत काही बोलणार नाही. आरसीसी आणि भाजक्या विटांच्या इमारतीत हे बऱ्यापैकी खरंही आहे. पण कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव अशा पेठांत अजून जे वाडे उभे आहेत, त्यांच्या भिंती वेगळ्या जातीच्या आहेत. तिथे फ्लॅटचा हिशोब लावला की फळीसकट हातभर भिंत पलंगावर येते. माझं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या घरात फळी भिंतीवर लावूच नये. ती जमिनीवर उभी करावी आणि लाकडाला बांधावी. आणि हे म्हणणं फक्त फळीपुरतं नाहीये, ते कसं ते शेवटाकडे येईलच.

आधी भिंत म्हणजे काय ते बघू. शिक्षण मेकॅनिकलचं आणि पोटापाण्याला जावा, अशी माझी अवस्था आहे. म्हणजे निदान बलं आणि आघूर्ण तरी सांगायचा मला अधिकार आहे :-)

वाड्याचा भार भिंत घेत नाही, किंवा फारच थोडा घेते. भार घेतात लाकडी खांब आणि त्यावरच्या तुळया. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि त्यावर मातीचा थर. यालाच आपले लोक कडीपाट म्हणतात. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. 'आमची तीन खणांची जागा आहे' असं माझी आजी अजूनही सांगते, तेव्हा ती क्षेत्रफळ नाही तर सांगाडा सांगत असते. खाली दगडी जोतं, त्यावर लाकडाचा पिंजरा, आणि पिंजऱ्याच्या मोकळ्या जागा भरायला भिंत. ही भरणी कुठे भाजक्या विटांची, कुठे पांढऱ्या मातीची, कुठे भेंड्यांची असते. (भेंडा म्हणजे उन्हात वाळवलेली कच्ची वीट. भट्टीचं तोंडही न बघितलेली.) वरून चुन्याचा नाहीतर मातीचा गिलावा.

पटत नसेल तर पुण्यातच दोन पुरावे आहेत. शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत जळाला. आज तिथे काय शिल्लक आहे? तटबंदी, दरवाजे आणि दगडी जोती. लाकूड गेलं आणि वरचे मजले गेले, इतकं साधं. दुसरा पुरावा पाण्याचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. पाण्याच्या लोंढ्याने काही घरं पडलीच, पण मातीच्या भिंती भिजून बसल्या आणि त्यामुळेही असंख्य घरं गेली. माती कोरडी असेपर्यंत दाबाला बऱ्यापैकी मजबूत असते. भिजली की चिखल. आणि ओढलं तर ती कोरडी असली काय नि ओली असली काय, टिकत नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण फळी भिंतीला ओढते.

कशी ते बघा. पुस्तकं जड असतात. आपल्याला वाटतात त्यापेक्षा फारच जड. एक फूट लांबीत उभी लावलेली पुस्तकं ढोबळमानाने दहा किलो धरा. (विश्वकोशाचे खंड असतील तर जास्तच.) म्हणजे तीन फुटी फळीवर तीस किलो. फळीची रुंदी २५ सेंटिमीटर, म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून साडेबारा सेंटिमीटरवर. ब्रॅकेटची उभी पट्टी २० सेंटिमीटरची असेल तर वरच्या स्क्रूंवर मिळून येणारी ओढ ३० गुणिले १२.५ भागिले २०, म्हणजे जवळजवळ १९ किलो. आणि बाजारात मिळणारा छोटासा, सुबक, दहा सेंटिमीटरचा ब्रॅकेट घेतलात तर तीच ओढ साडेसदतीस किलो! ब्रॅकेट जितका नाजूक तितकी भिंतीची वाट जास्त. हा हिशोब स्थिर वजनाचा. वरचं पुस्तक काढताना कोणी फळीला धरून टाचा उंचावल्या की झालंच.

आता ही ओढ पेलतं कोण? स्क्रूभोवतीची प्लॅस्टिकची गिट्टी, म्हणजे ज्याला हार्डवेअरवाला 'रावळ प्लग' म्हणतो ती. (हा रावळ आपल्याकडचा नव्हे बरं का. जॉन रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज माणसाच्या नावावरून ते आलंय.) गिट्टीचं तत्त्व सोपं आहे. स्क्रू आत गेला की ती फुगते, भोकाच्या कडांना दाबते, आणि त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं त्यावर सगळं लटकतं. पण दाबायला समोर काहीतरी घट्ट हवं ना! मातीच्या भिंतीत गिट्टी फुगली की माती बाजूला सरकते, तिचा भुगा होतो आणि भोक मोठं होतं. मग माणूस म्हणतो, मोठी गिट्टी लावू. मग अजून मोठं भोक. त्यात हातोडा-ड्रिल वापरलं असेल तर त्याच्या धक्क्यांनी आजूबाजूचा गिलावा आतून आधीच सुटलेला असतो, तो आवाज बदलतो आणि आपल्याला कळतही नाही.

यावर सर्वमान्य उपाय काय? सिमेंट! भोक पडलं, भर सिमेंट. पोपडे आले, थाप सिमेंट. ओल आली, मार सिमेंटचा जाड गिलावा वर्षानुवर्षं टिकेल असा. माझं या विषयावर बऱ्याच लोकांशी भांडण झालंय, आणि मी अजूनही ठाम आहे की जुन्या भिंतीला सिमेंट लावणं म्हणजे तापलेल्या माणसाला रेनकोट घालणं.

कारण असं. जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढते, पावसात बाहेरूनही येते. चुन्याच्या आणि मातीच्या गिलाव्यातून ती हळूहळू वाफ होऊन निघून जाते. भिंत ओली होते, वाळते, पुन्हा ओली होते. सिमेंटचा थर ही वाट बऱ्याच प्रमाणात बंद करतो. मग ओल आत साठते, किंवा सिमेंट जिथे संपतं तिथून वर चढते. पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडतं, क्षार मागे राहून त्यांचे खडे होतात आणि ते खडे फुगून भिंतीचे कण सुटे करतात. हाच तो लोणा. वरून सिमेंट टणक दिसतं, आणि त्याच्या मागे भिंतीचं पीठ होत असतं. एक दिवस अख्खा पापुद्रा सुटून येतो आणि गवंडी म्हणतो, "बघा साहेब, तुमची भिंतच कच्ची."

आमच्याकडे आलेले गवंडीमामा तसे नव्हते हे आमचं नशीब. सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी करणीच्या टोकाने भिंत जरा खरवडली, हातावर आलेली माती चुरून बघितली आणि म्हणाले, "ही माती चांगलीय. हिला काही झालेलं नाही. हिच्यावर जे थापलंय ना, ते काढा." मी विचारलं, फळी लावायची आहे, बसेल का? मामा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी गाईला नांगराला जुंपायचं विचारतोय. "फळी भिंतीत कशाला? खांब काय शोभेला आहेत?"

हे एक वाक्य ऐकलं आणि मला आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या वस्तूंचा उलगडा झाला. तुम्ही कधी नीट बघितलंय का, जुन्या घरात वस्तू ठेवायच्या जागा कशा असतात? कोनाडा. तो भिंत बांधतानाच ठेवलेला असतो, आणि त्यातल्या वस्तूचं वजन भिंतीवर सरळ खाली जातं. भिंतीला दाब येतो, ओढ येत नाही. फडताळ. तेही भिंतीच्या जाडीतच बसवलेलं, लाकडी चौकटीसकट. खुंट्या. त्या बांधकाम चालू असतानाच भिंतीत लांबवर घुसवलेल्या, आणि त्यांवर टांगायचं काय, तर टोपी, उपरणं, पिशवी. स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी जमिनीवर उभी. जड सामान माळ्यावर, म्हणजे तुळयांवर. मातीच्या भिंतीला ओढ सोसत नाही हे त्या लोकांना आघूर्णाचा धडा न गिरवता माहीत होतं. त्यांना काही घराबद्दल हळवेपणा नव्हता. भार घेईल त्यालाच भार द्यायचा, एवढा रोकडा व्यवहार होता.

तर मग आम्ही काय केलं ते सांगतो, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

पहिलं म्हणजे रॅक जमिनीवर उभा केला. साधा लाकडी, सहा फूट उंच, पाच फळ्यांचा. फळ्या तीन फुटांऐवजी दोन फुटांच्या घेतल्या आणि दोन रॅक शेजारी शेजारी लावले. सारख्याच दाटीने पुस्तकं भरली तर फळीचा झोक लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. त्यामुळे तीन फुटांची दोन फूट केली की झोक साधारण एक पंचमांशावर येतो. फळी जाड करत बसण्यापेक्षा हे स्वस्त.

दुसरं, रॅक कड्यांना आडवा ठेवला. आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत, खाली कडीपाट. भरलेले दोन रॅक म्हणजे दोनशे किलोच्या पुढे वजन. ते एकाच कडीवर देण्यात अर्थ नव्हता. रॅकच्या पायांखाली एक लांब जाड पट्टी टाकली, म्हणजे वजन चार-पाच कड्यांत वाटलं गेलं. आणि जागा निवडली खांबाच्या लगतची, खोलीच्या मधली नव्हे.

तिसरं, वरचं टोक खांबाला बांधलं. पुढे कलंडू नये एवढ्यापुरतंच. त्यासाठी सुताराने खांबाला भोकही पाडलं नाही, चामड्याचा पट्टा आवळून दिला. सुतार म्हणाला, "दादा, सागवान आहे, स्क्रूने काही होत नाही." पण कोणी फुकटात दीडशे वर्षं काम करत असेल तर त्याला उगाच टोचू नये असं मला वाटतं.

चौथं, रॅक आणि भिंत यांच्यात दोन-अडीच इंच जागा सोडली. मातीची भिंत, ओल आणि कागद हे तिन्ही एकत्र आले की वाळवीला आमंत्रण द्यावं लागत नाही. मधून वारा खेळला पाहिजे आणि बॅटरी मारून मागचं दिसलं पाहिजे.

आणि पाचवं, मामांनी सुटलेलं सिमेंट काढून तिथे चुन्याचा गिलावा केला. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू. आधी भिंतीवर पाणी शिंपडून, मग पातळ थर, तो आवळला की दुसरा. नंतर आठवडाभर मी ऑफिसला जाण्यापूर्वी आणि आल्यावर त्यावर पाणी मारत होतो. सिमेंटसारखा तो दुसऱ्या दिवशी टणक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू, महिनोन् महिने, पुन्हा चुनखडीचा दगड होत जातो. आपल्याला ही गती झेपत नाही, आपल्याला दर दोन आठवड्यांनी रिलीज लागतो. (आणि हो, चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. डोळ्यात गेला तर खेळ नाही.)

हे सगळं ऐकल्यावर मित्र जो प्रश्न विचारतात तो मला या लेखातला खरा मुद्दा वाटतो. "अरे, पण एवढं कशाला? वाडा पाडायचाच आहे ना?"

आमचा वाडा कधीतरी पडणार हे मी जन्मल्यापासून ऐकतोय. आम्ही भाडेकरू. आजोबा राहायला आले तेव्हापासूनचं भाडं आता महिना ८५ रुपयांवर आलंय. मालकांना डागडुजी परवडत नाही आणि भाडेकरूंना ती करायची नाही, कारण घर आपलं नाही. दोघांचंही चूक आहे असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की जागा दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी, आणि लेखी नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरूने करावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाला किती? वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत. आमच्या बाबतीत २५५ रुपये. त्यात सिमेंटचं एक पोतंसुद्धा येत नाही! म्हणजे कायद्याने जबाबदारी वाटून दिली आणि भाड्याने ती हवेत विरून गेली. मग उरतं एकच वाक्य, 'पाडायचाच आहे'. या एका वाक्यावर आमच्या वाड्यातली पन्हळ बारा वर्षं फुटकी राहिली. ते पाणी एका खांबाच्या बुडाशी मुरत होतं. पन्हळीचा खर्च चार घरांत वाटून प्रत्येकी काही शे रुपये आला असता.

आपल्या धंद्यात हे रोज बघायला मिळतं. 'ही सिस्टीम पुढच्या वर्षी बदलणारच आहे' असं म्हणून कोणी लॉग वाचत नाही, कोणी पॅच लावत नाही, आणि ज्याला जे टांगायचं ते तो टांगत राहतो. पुढचं वर्ष सात वर्षांनी येतं. जोएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपचं उदाहरण देऊन लिहिलं होतं की चालणारा जुना कोड टाकून सगळं नव्याने लिहायला घेणं ही कंपनीने करू नये अशी गोष्ट आहे. मी त्याच्याइतका टोकाला जाणार नाही. काही कोड टाकावेच लागतात, आणि काही वाडे पाडावेच लागतात. पण टाकेपर्यंत जो काळ असतो तोही खराच असतो. त्यात खरी माणसं राहत असतात.

आमच्याकडे ते खरं माणूस म्हणजे आजी. वय ८२. आजोबांची पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे गेली नऊ वर्षं पलंगाखालच्या ट्रंकांमध्ये होते, कारण 'आता कुठे रॅक करायचे, वाडा पाडायचाच आहे'. तिला वाकवत नाही. म्हणजे गेली नऊ वर्षं तिने त्यांतलं एकही पुस्तक स्वतःच्या हाताने काढलेलं नव्हतं. कोणी काढून दिलं तर वाचायचं, नाहीतर नाही. आणि मागायचा तिचा स्वभाव नाही. वाडा पडून नवी इमारत उभी राहीपर्यंत किती वर्षं जातील याचा हिशोब तिने आपापला करून ठेवलाय, तो ती बोलून दाखवत नाही एवढंच. म्हणून मला 'एवढं कशाला' या प्रश्नाचा राग येतो.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं अप्रामाणिक होईल. प्रत्येक वाडा राहण्याजोगा नसतो. पावसाळ्याच्या तोंडावर महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि 'घाबरवतात उगाच' म्हणून ती दाराला तशीच चिकटलेली ठेवणारे लोक मी बघितलेत. हे जिवावर बेतणारं आहे. खांबाच्या बुडाशी पेचकस सहज आत जात असेल, भिंतीला पोट आलं असेल, तुळई खांबावरून सरकल्यासारखी वाटत असेल, तर रॅक, चुना वगैरे विसरा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. महिन्याभराने भेग खुणेच्या पुढे गेलेली असेल तर ती जिवंत आहे. आम्ही अशा सहा भेगांवर तारखा टाकल्या आहेत आणि आमचा खांब तपासूनही घेतलाय. ज्या दिवशी तो तज्ज्ञ 'निघा' म्हणेल त्या दिवशी आम्ही निघू. घरापायी माणूस गमावण्यात कसलाही वारसा वगैरे जपला जात नाही.

पण 'निघा' आणि 'काहीच करू नका' या दोन्हींच्या मध्ये खूप मोठी जागा आहे, आणि आपल्यातले बहुतेक लोक आयुष्यभर त्याच जागेत राहतात. भाड्याच्या घरात, बदलीच्या गावात, वर्षभराच्या प्रोजेक्टवर. कायमचं काही नसतंच. म्हणून कायमचं असल्यासारखी भोकं पाडू नयेत, आणि कायमचं नाही म्हणून गळती पन्हळ तशीच ठेवू नये. जे भार घेतंय ते ओळखावं, त्याला सांभाळावं, आणि ज्याला झेपत नाही त्याच्यावर लटकू नये.

असो. फारच तत्त्वज्ञान झालं. आमचे रॅक उभे राहून पाच महिने झाले, त्यात एक पूर्ण पावसाळा गेला. चुन्याच्या गिलाव्यावर एक बारीक भेग आली आहे, मामा म्हणाले असू द्या, ती आपली आपण भरते. फळ्या सरळ आहेत. कमरेच्या उंचीवरच्या फळीवर आता उजवीकडून दुसऱ्या पुस्तकात चष्म्याचं घर खोचलेलं असतं, आणि ते दर दोन-तीन दिवसांनी वेगळ्या पुस्तकात असतं.